बोटभर जास्त

१

“एक हात म्हणजे किती सेंटिमीटर, पाक नेंगा?” तुकिराननं विचारलं.

“कुणाचा हात?” नेंगा म्हणाला.

हा प्रश्न आणि हे उत्तर गेली अकरा वर्षं चाललं होतं. तुकिरान जावाहून बालीत आलेला गवंडी, नेंगाला मानानं ‘पाक’ म्हणणारा, पोलादी टेप कमरेला लावून हिंडणारा. नेंगा मर्ता गावाचा उंडागी. माणसाचं अंग मोजायचं आणि त्या अंगाच्या मापानं त्याचं घर उभं करायचं, हा त्याचा बाप-आज्यापासूनचा धंदा. ज्याचं घर, त्याचाच हात, त्याचीच वीत, त्याचंच बोट. म्हणून दर घराला सेंटिमीटरचा हिशेब नव्यानं मांडावा लागे. तुकिरान कपाळाला हात लावी, नेंगा त्याला वहीतलं पान फाडून देई आणि दोघं कॉफी पीत.

मोजायची पद्धत ठरलेली. माणसाला अनवाणी खांबाला टेकवून उभा करायचा. दोन्ही हात पसरवले की एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक वाव. कोपरापासून बोटापर्यंत एक हात. मग पाऊल, मग बोटाची रुंदी. सगळं एका बांबूच्या काठीवर खुणा करून घ्यायचं. शेवटी जिवाचं माप. आठ पावलं अंतर ठेवायचं तर आठ पावलं आणि वर एक आडवं पाऊल. ते आडवं पाऊल जिवाचं. ते घातलं नाही तर घर नुसतं लाकूड-विटा.

आणि एक गोष्ट नेंगाच्या बापानं त्याला कान धरून शिकवली होती. माप अंगाला हात लावूनच घ्यायचं. कुणी सांगितलेल्या आकड्यावर घर बांधायचं नाही.

नेंगानं हा नियम चाळीस वर्षं पाळला. मोडला तो एकदाच, आणि तोही स्वतःच्या पोरासाठी.

२

गेदे सात वर्षं मोठ्या प्रवासी जहाजावर होता, धुलाईखान्यात. नऊ महिने जहाज, दोन महिने घर, की पुन्हा जहाज. घरी आला की आईबापांच्या ओसरीवर चटई टाकून झोपायचा, एखाद्या पाहुण्यासारखा. त्याची आई लू रास्नी नवऱ्याला ‘ब्ली’ अशी हाक घालून रोज तेच तुणतुणं वाजवायची.

“गावभर घरं बांधलीत, ब्ली. पोराला कुठे आहे घर? त्यानं यायचं कशाला? तुमची वही वाचायला?”

मग एके दिवशी गेदे फोनवर आपणहून म्हणाला, “बापा, घर तयार असलं तर गालुंगानच्या सणाला आल्यावर मी पुढचा करार करत नाही. खरंच सांगतो. कंटाळा आलाय दुसऱ्यांच्या चादरी धुऊन.”

रास्नी फोनसमोरच रडली. नेंगानं पंचांग काढलं. पाया घालायला चांगला दिवस नऊ दिवसांवर होता, त्यानंतरचा चांगला दिवस थेट गालुंगान उलटून गेल्यावर. गेदे तेव्हा कुठल्या तरी थंड समुद्रात.

नेंगा दोन दिवस पंचांगाची पानं उलटसुलट करत बसला. तिसऱ्या दिवशी त्यानं पोराला सांगितलं, “कुणाकडून तरी अंग मोजून घे.”

जहाजाच्या शिवणखात्यात रोमेल नावाचा फिलिपिनो मित्र होता. त्यानं शिंप्याच्या टेपनं मोजलं, इंचात. व्हिडिओ कॉलवर गेदे हात पसरून उभा, मागे गरगरणारी यंत्रं.

“वाव सहासष्ट इंच आणि थोडं,” गेदेनं सांगितलं.

“थोडं म्हणजे किती?”

“थोडं म्हणजे थोडं, बापा. रोमेलला जेवायला जायचंय.”

हात साडेसतरा इंच आणि थोडं. पाऊल दहा इंच आणि थोडं. बोट पाऊण इंच.

नेंगानं दुपारभर बसून इंचांचे सेंटिमीटर केले, सेंटिमीटरची बोटं केली. वाव अठ्ठ्याऐंशी बोटं आणि वर काहीतरी. त्यानं एकोणनव्वद धरली. हात तेवीस आणि वर काहीतरी. चोवीस धरला. पाऊल तेरा आणि वर काहीतरी. चौदा. प्रत्येक वेळी पेन थांबलं, आणि प्रत्येक वेळी पोराला कशाला कमी द्यायचं असं वाटून ते वरच गेलं. बापाचा हात तो, त्याला काय करणार.

काठी तयार झाली तेव्हा त्यानं ती सवयीनं उभी धरून पाहिली. चाळीस वर्षांत त्याला काठी बघून माणूस दिसायला लागला होता. खांदे पडलेला, छाती काढून चालणारा, एक हात आखूड असलेला. ही काठी त्यानं बराच वेळ बघितली.

हा माणूस त्यानं कधी पाहिला नव्हता.

डोळे म्हातारे झाले, असं तो स्वतःशी म्हणाला. सात वर्षं जहाजावरचं खाणं खाऊन पोरगा भरला असेल.

३

पाया ठरल्या दिवशीच पडला. एरवी घराचा मालक घरदेवळाच्या भिंतीपासून टाचेला अंगठा लावत स्वतः आठ पावलं चालतो, नववं आडवं ठेवतो, आणि तिथून जोतं सुरू होतं. गेदे नव्हता, म्हणून नेंगानं काठीनं मोजलं. बघायला आलेले शेजारी काठीकडे बघत राहिले आणि लवकरच पांगले. 

जोत्याच्या कडेला सिमेंट ओतलं त्याच्या दुसऱ्या सकाळी तुकिरान तणतणत आला.

“पाक नेंगा, ओल्या सिमेंटवर कुणीतरी पाय दिलाय. आणि चालत गेला असता तर समजलो असतो. आडवा पाय ठेवलाय लेकानं. एकच.”

“कुत्रं असेल.”

“कुत्र्याला पाच बोटं अन् टाच असते का?”

नेंगानं जाऊन पाहिलं. भिंतीपासून आठ पावलं संपतात बरोबर तिथे, कडेला समांतर, एक अनवाणी पाऊल. उमटलेलं इतकं स्वच्छ की अंगठ्याच्या रेषा दिसाव्यात. तुकिरान आणि त्याची माणसं रबरी बूट घालत. नेंगाचं पाऊल फताडं, रास्नीचं इवलंसं. नेंगा खाली बसला. काठी लावायची इच्छा नव्हती, तरी त्यानं लावली.

चौदा बोटं. खुणेला खूण.

“भरून टाकू का?” तुकिराननं विचारलं.

“टाक,” नेंगा म्हणाला. आणि काठी पाठीमागे धरून तो घराकडे वळला.

४

फणसाच्या लाकडाचे खांब, लाल कौलं, कोरीव दार. घर देखणं झालं. पुजाऱ्यानं येऊन मंत्र म्हटले, घर जिवंत केलं, आणि रिवाजाप्रमाणे मापाची काठी त्याच घराच्या आढ्यात ठेवली गेली. गालुंगानला अजून पाच आठवडे होते. घर बंद, किल्ली रास्नीच्या कमरेला.

रास्नी रोज सकाळी स्वयंपाक झाला की केळीच्या पानाच्या तुकड्यांवर भाताची चिमूट ठेवून अंगणात फिरायची. चुलीपाशी एक, विहिरीपाशी एक, दाराशी एक. नव्या घराच्या पायरीवरही एक.

“ब्ली, कुणी टॉवेल ठेवला हो वर?” एकदा तिनं विचारलं.

गेदेसाठी घडी करून खाटेवर ठेवलेला टॉवेल तुळईवर वाळत घातलेला होता. ओला नव्हता. पण रास्नीचा हात तिथे पोचत नव्हता. नेंगा टाचा उंच करून उभा राहिला. त्याचाही थोडक्यात राहत होता.

“तुकिराननं टाकला असेल,” तो म्हणाला.

“तुकिरान महिना झाला गावाला गेलाय.”

“मग वाऱ्यानं.”

“वारा घडी मोडून सरळ घालतो होय,” रास्नी म्हणाली आणि स्टूल आणायला गेली. ती घाबरली नव्हती. तिच्या आवाजात कौतुक होतं, आणि नेंगाला त्याचीच भीती वाटली.

दुपारी ती बाजारात गेली की तो ओसरीवर बांबू तासत बसे. डालग्याखालचे कोंबडे गप्प झाले की नव्या घरातून एक आवाज यायचा. नवं लाकूड उन्हानं कुरकुरतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? पण लाकूड कुरकुरतं तेव्हा ते कुठेही कुरकुरतं. हा आवाज आधी दारापाशी यायचा, मग मधल्या खांबापाशी, मग खाटेत. मग थांबायचा, बाहेरून दमून आलेला माणूस टेकल्यावर थांबावा तसा.

५

गेदे आला. गावभर बांबूच्या कमानी वाकल्या होत्या, घरोघरी डुक्कर कापलं जात होतं. रास्नीनं पोराच्या हाती किल्ली दिली आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

पहिल्या दिवशी गेदे उंबऱ्याला ठेचकाळला. दुसऱ्या दिवशीही. कडीला हात घालायचा तर ती हाताच्या जरा पलीकडे. पायरी उतरताना पाय हवेत पडायचा.

“जहाजावरून आलास, जमिनीची सवय नाही,” नेंगा म्हणाला.

“असेल,” गेदे म्हणाला. तो हसला नाही.

आठव्या दिवशी दुपारी तो घरातून बाहेर आला आणि बापाशेजारी बसला. डोळे सुजलेले.

“बापा, तुला हसू येईल.”

“येऊ दे की.”

“पडलो होतो जरा. झोप नव्हती, डोळे मिटले होते नुसते. कुणीतरी येऊन पायाशी उभं राहिलं. रागावलेलं नव्हतं रे. बसमध्ये आपल्या जागेवर दुसरा बसलेला असला की माणूस तिकीट हातात धरून थांबतो ना, उठवायची लाज वाटते म्हणून? तसं.”

नेंगाला हसू आलं नाही.

“रोज येतं,” गेदे म्हणाला. “मी डोळे उघडत नाही. उघडले तर मलाच उठावं लागेल असं वाटतं.” मग जरा थांबून म्हणाला, “जहाजवाल्यांचा निरोप आलाय. शुक्रवारपर्यंत हो की नाही कळवायचंय.”

“तू तर म्हणाला होतास...”

“मला राहायचंय, बापा. पण हे घर मला घेईना, मी काय करू?”

नेंगा उठला. त्यानं पोराला ओसरीच्या खांबाला टेकवून उभा केला, तेव्हाच करायला हवं होतं तसं. हात पसरवले. खांद्यावरून तळवा फिरवत बोटांच्या टोकापर्यंत नेला. सात वर्षांत त्यानं पोराला एवढा वेळ हात लावला नव्हता.

वाव अठ्ठ्याऐंशी. हात तेवीस. पाऊल तेरा.

सगळीकडे बोटभर कमी. नाही, पोरगा बरोबर होता. घर बोटभर जास्त होतं.

६

गुरुवारी दुपारी नेंगानं करवत घासून घेतली. खांब पाच हातांचे, हातामागे बोट जास्त, म्हणजे प्रत्येक खांब पाच बोटं उतरवायचा. मग तुळया, मग कडी, मग उंबरा. मंत्र घालून जिवंत केलेल्या घराला करवत लावायची नसते हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. पण शुक्रवार उद्यावर होता.

घरात भरदुपारीही अंधारलेलं असे. दार एकच, तेही अरुंद. खाटेभोवती रास्नीनं पिवळा पडदा लावला होता. नेंगानं आढ्यातली काठी उतरवली, दाराजवळच्या खांबाशी एक टोक धरलं. दुसरं टोक पडद्याच्या आत, कोपऱ्यातल्या खांबापर्यंत गेलं आणि तिथे खाली झुकलं.

“गेदे,” त्यानं हाक मारली. “जरा टोक धर रे.”

पडद्याआड पाऊल वाजलं. टोक उचललं गेलं, खांबाला टेकलं, सरळ झालं.

“जरा वर.”

काठी केसभर वर गेली.

“हं. आता हलू नको.” नेंगानं पेन्सिलीनं खूण केली. धरणारा चांगला असला की काम झपाझप होतं. लहानपणी गेदे असंच धरायचा. खुणेत नख रुतवायचं आणि करंगळी वर उचलायची, म्हणजे बापाला खूण दिसते. नेंगानंच शिकवलं होतं. बोलता बोलता त्याला बरं वाटायला लागलं. “प्रत्येक खांबाची पाच बोटं काढायची. मग हातांचा हिशेब बसतो. मग पाऊल. तुझ्या आईला काही सांगू नको, रडेल.”

काठी थरथरली. अगदी बारीक. नेंगाच्या तळव्यापर्यंत ती थरथर आली.

“काय झालं?”

आणि तेव्हाच बाहेर, फाटकापाशी, गेदेचा आवाज आला. “मेमे, पिशवी दे इकडे. एवढं कशाला आणलंस उचलून?” रास्नी काहीतरी बोलली. दोघं बाजारातून येत होते.

नेंगाच्या हातातली काठी तशीच होती. सरळ, पलीकडच्या खांबाला टेकलेली.

पळून जावं असं त्याला वाटलं, हे खरं. पण काठी दोघांनी धरलेली असताना एकानं सोडली तर ती दुसऱ्याच्या अंगावर पडते. चाळीस वर्षांची सवय. त्यानं सोडली नाही. त्यानं फक्त मान वाकवून काठीच्या कडेनं पलीकडे पाहिलं.

पडद्याच्या काठावर बोटं होती. खुणेत नख रुतलेलं. करंगळी वर उचललेली, म्हणजे त्याला दिसावं. अंगठ्यावर गेदेच्या अंगठ्यावर आहे तोच वण, सातव्या वर्षी कोयता लागलेला. प्रत्येक बोट त्याच्या पोराचंच होतं. फक्त जरा जास्त.

ती बोटं थरथरत होती, आणि तरी त्यांनी माप हलू दिलं नव्हतं.

 त्याला वहीचं ते पान आठवलं. पेन थांबलं होतं आणि वर गेलं होतं, प्रत्येक वेळी. हे जे वर गेलं होतं ते गेलं कुठे असं त्याला वाटलं होतं?

“झालं,” तो हळू म्हणाला. “सोड आता. काही कापत नाही मी.”

काठीचं टोक खाली आलं, हळूच, आवाज होऊ नये म्हणून.

७

शुक्रवारी गेदेनं हो कळवलं. बापानं त्याला जे सांगायचं ते सांगितलं, जे पाहिलं ते सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, “ते घर तुझं नाही झालं रे. माझं चुकलं. तू येशील तेव्हा दुसरं बांधू, पूर्वेच्या बाजूला.”

“तोवर ओसरीवर राहीन म्हटलं तर?”

“राहशील?”

गेदेनं अंगणापलीकडच्या बंद दाराकडे पाहिलं. “नाही,” तो म्हणाला. “तिकडे रोज बघत राहणं जमायचं नाही मला. तो वाईट नाहीये, बापा, म्हणूनच.”

निघायच्या सकाळी नेंगानं पोराचं माप पुन्हा घेतलं. नवी काठी, नव्या खुणा. पेन्सिल थांबेल तिथेच त्यानं खूण केली, एक केसही वर नाही. गेदे हात पसरून उभा होता.

“बोटभरही जास्त देऊ नको हं या वेळी.”

“नाही देणार.”

“आणि जिवाचं आडवं पाऊल?”

“ते तूच टाकायचंस. आल्यावर.”

फाटकाशी रास्नीनं त्याला धरून ठेवलं. गाडीवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला. मग गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि दोघं अंगणात उभे राहिले. नव्या घराचं दार मघाशी बंद होतं. आता वीतभर उघडं होतं. फाटकाकडे बघायला माणूस उघडेल तेवढंच.

रास्नीनं ते पाहिलं. नेंगानं रास्नीनं पाहिलेलं पाहिलं. 

ती चुलीकडे गेली. भात झाला होता. तिनं केळीच्या पानाचे तुकडे काढले, चुलीपाशी, विहिरीपाशी, दाराशी चिमूट चिमूट ठेवून आली. मग पायरीवर ठेवायचा तुकडा हातात घेऊन ती थांबली. तो तिनं खाली ठेवला आणि फळीवरून गेदेचं ताट काढलं.

“ब्ली,” ती म्हणाली, “किती वाढू?”

नेंगा ओसरीवर नवी काठी आढ्याला बांधत होता. त्यानं गाठ ओढून पाहिली, नीट बसली होती.

“गेदेला वाढायचीस तेवढंच,” तो म्हणाला. “आणि वर थोडं.”